गोवंशातील आंत्रकृमी : प्रादुर्भावाचा विचार व त्रिविध चिकित्सासूत्र

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात वीस प्रकारच्या कृमींचे वर्णन असून अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन हे त्रिविध चिकित्सासूत्र सांगितले आहे. ग्रामीण भागातील वैद्यास पशुपालक गुरांविषयीही सल्ला विचारतात. म्हणून या सूत्राचा गोठ्याच्या संदर्भात विचार करणे अगत्याचे आहे.

प्रादुर्भाव : शेकडा किती जनावरे बाधित, हा आकडा वय, ऋतू व परीक्षणपद्धती यांवर अवलंबून असतो.

१) वय : टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम हा मोठा गोलकृमी प्रामुख्याने वासरे व रेडके यांत आढळतो. त्याच्या अळ्या मातेच्या दुधावाटे संक्रमित होतात. मातेच्या शेणात मात्र अंडी सहसा सापडत नाहीत. केवळ दुभत्या जनावरांचे शेण तपासून गोठा निर्दोष ठरविल्यास वासरू दगावण्याचा धोका राहतो.

२) ऋतू : वर्षा ऋतूत हिमाँकससारख्या गोलकृमींच्या अळ्या ओल्या गवतावर वाढतात. पर्णकृमींना पाणगोगलगाय हा मध्यस्थ लागतो. म्हणून तळ्याकाठी व पाणथळ जागी चरणारी गुरे अधिक बाधित होतात.

३) परीक्षण : गोलकृमींची अंडी मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगतात, पर्णकृमींची जड अंडी तळाशी बसतात. एकाच पद्धतीने तपासल्यास दुसरा वर्ग निसटतो. शिवाय अपक्व अँफिस्टोम अंडी घालण्यापूर्वीच लहान आतड्यात तीव्र अतिसार उत्पन्न करतात. अशा वेळी अंडी न दिसणे म्हणजे कृमी नसणे नव्हे.

चिकित्सा : अपकर्षणासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वजनानुसार जंतनाशक द्यावे. वासरास ते वयाच्या १० ते १६ दिवसांच्या दरम्यान मिळाल्यास टॉक्सोकॅराचे कृमी अंडी घालण्यापूर्वीच नष्ट होतात. अपुरी मात्रा व एकाच औषधाचा वारंवार वापर यांमुळे कृमींत प्रतिकारक्षमता निर्माण होते. प्रकृतिविघातार्थ विडंग, पलाशबीज ही द्रव्ये प्रसिद्ध आहेत. तथापि रवंथ करणाऱ्या जनावराचे पचन भिन्न असल्याने मानवी मात्रेवरून अनुमानाने मात्रा ठरवू नये.

निदानपरिवर्जन हे सर्वांत दुर्लक्षित अंग होय. शेणाचा खड्डा गव्हाणीपासून दूर ठेवणे, शेण पूर्ण कुजवूनच शेतात घालणे, पाणथळ कुरणे टाळणे व स्वच्छ पाणी पाजणे, एवढे न केल्यास औषधाने गेलेले कृमी त्याच कुरणातून पुन्हा परततात. औषध सांगताना वैद्याने गोठा व कुरण अवश्य पाहावे.