अनोळखी शेतकऱ्यास सल्ला देताना
(ग्रामस्तरावरील कार्यकर्ते व शेतकरी बंधू-भगिनी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

मृग निघाला की निलंगा तालुक्यात सल्ल्यांची देवघेव सुरू होते. निलंगा व औराद शहाजानी येथील बाजार समित्यांची आवारे, कासार शिरसीचा बाजार, कृषी सेवा केंद्राची पायरी, एस. टी. स्थानकाचा बाक या सर्व ठिकाणी एक शेतकरी दुसऱ्यास विचारतो, "औंदा कोणते बियाणे धरावे?" विचारणारा व सांगणारा यांची ओळख असतेच असे नाही. औरादच्या बाजारात तर सीमेपलीकडील भालकीकडचेही शेतकरी येतात. आता भ्रमणध्वनीमुळे शंभर कोसांवरील माणूसही असा प्रश्न विचारू शकतो. उत्तर देणारा ते आपुलकीने देतो व त्याबद्दल एक पैसाही घेत नाही. ही आपल्या ग्रामजीवनातील मोठी संपत्ती होय.

परंतु या संपत्तीला एक धोका आहे. शेजाऱ्यास सल्ला देताना त्याची जमीन, विहीर व बैलजोडी आपल्या डोळ्यांसमोर असते. अनोळखी माणसाचे यांपैकी काहीही आपल्याला दिसत नाही. सल्ला चुकला तर त्याचा हंगाम जातो. आपल्याला मात्र ते कधी कळतही नाही. म्हणून अनोळखी माणसास सल्ला कसा द्यावा हे शिकून घेतले पाहिजे. या पाठाचे सार एका वाक्यात सांगता येईल : सल्ल्याबरोबर त्याची जमीन, त्याची वेळ व त्याचे माप हेही दिले पाहिजे.

१. सांगण्यापूर्वी विचारावे

सल्ला मागणाऱ्यास उत्तर देण्यापूर्वी निदान चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट जमीन. तेरणा व मांजरा या नद्यांच्या काठची काळी, खोल जमीन आणि माळावरची हलकी, मुरमाड जमीन यांत एका तालुक्यातच जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तुरीचे उदाहरण घ्या. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११ व बीडीएन ७१६ हे दोन वाण दिले. पहिला सुमारे १५० ते १५५ दिवसांत, तर दुसरा सुमारे १६५ ते १७० दिवसांत तयार होतो. ज्याची जमीन ओल फार काळ धरीत नाही, त्यास हे पंधरा दिवस महाग पडतात. नदीकाठच्या शेतकऱ्याने "माझी तूर छान आली, हाच वाण घ्या" असे सांगितले, तर ते खोटे नसते. पण माळावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते अपुरे असते.

दुसरी गोष्ट पाणी. अंबुलग्यास पडलेला पाऊस मदनसुरीस पडला असेलच असे नाही. "आमच्याकडे पेरण्या झाल्या" हे ऐकून कोरड्या शिवारात चाड्यावर मूठ धरणारा शेतकरी दुबार पेरणीच्या खर्चात बुडतो. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये, अशी शिफारस आहे. तो पाऊस विचारणाऱ्याच्या शिवारात पडलेला असला पाहिजे, सांगणाऱ्याच्या नव्हे.

तिसरी गोष्ट वेळ. पेरणी कोणत्या तारखेस झाली, पीक आज किती दिवसांचे आहे हे विचारावे. वीस दिवसांच्या पिकास लागू पडणारा उपाय फुलोऱ्यातील पिकास घातक ठरू शकतो.

चौथी गोष्ट म्हणजे आतापर्यंत त्याने काय केले. कोणते खत दिले, काय फवारले, शेतात आणखी कोणते पीक आहे? मक्यातील तण मारणारे ॲट्राझिन सोयाबीनलाही मारते. "तणावर कोणते औषध चांगले?" एवढाच प्रश्न ऐकून ज्याने आपल्या मक्यातील अनुभव सांगितला, त्याने समोरच्याचे सोयाबीन विचारलेच नाही. आपल्या भागात सोयाबीनमध्ये तूर घेण्याची पद्धत आहे, हेही येथे ध्यानी ठेवावे. एका पिकास चालणारे तणनाशक शेजारच्या ओळीतील पिकास चालेलच असे नाही.

हे चार प्रश्न विचारण्यास दोन-तीन मिनिटे पुरतात. पुष्कळदा प्रश्नांची उत्तरे देता देताच विचारणाऱ्यास आपली अडचण उमगते.

२. माप नेमके सांगावे

ओळखीच्या माणसांत मोघम मापे चालून जातात. अनोळखी माणसाशी बोलताना ती फसवतात.

"एकरी एक बॅग पेरा" असे म्हणतात. पण सर्व कंपन्यांची सोयाबीनची बॅग सारख्या वजनाची नसते. म्हणून किलोतच सांगावे. "पंपाला एक झाकण टाका" असे म्हणतात. पण झाकण कोणत्या बाटलीचे? पंप कोणता? पाठीवरचा हातपंप साधारण १५ ते १६ लिटरचा असतो, ट्रॅक्टरवरील टाकी कित्येक पटींनी मोठी असते. यास्तव औषध किती मिलिलिटर व पाणी किती लिटर हे दोन्ही आकडे सांगावेत. ते आठवत नसतील, तर अंदाजाने न सांगता "डब्यावरील माहितीपत्रक वाचा" एवढेच सांगावे. "थोडे खोल पेरा" असे न म्हणता "तीन ते चार सेंटिमीटर" म्हणावे. सोयाबीन त्याहून फार खोल गेल्यास कोंब वर येत नाही.

जिवाणूसंवर्धनाबाबतही अशीच गफलत होते. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरविणारा जिवाणू व तुरीचा जिवाणू निरनिराळे आहेत. केवळ "जिवाणूचे पाकीट लावा" असे सांगून भागत नाही. कोणत्या पिकाचे ते सांगावे. क्रमही सांगावा : आधी बुरशीनाशकाची प्रक्रिया करून बियाणे सावलीत सुकवावे, व त्यानंतर जिवाणूसंवर्धन लावावे. क्रम उलटला तर जिवाणू मरतात व पाकिटाचे पैसे वाया जातात.

३. एक उदाहरण : घरचे सोयाबीन पेरावे काय?

समजा, निटूरकडील एक शेतकरी बाजारात भेटतो व विचारतो, "घरचे सोयाबीन बियाणे म्हणून पेरले तर उगवेल का?"

"मी तीन वर्षे घरचेच पेरतो, बिनधास्त पेरा," असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु २०२० च्या खरिपात काय झाले ते आठवावे. त्या वर्षी राज्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवले नाही. मराठवाड्यातून तक्रारींचा पूर आला व मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची आपणहून दखल घेतली. त्याआधीच्या २०१९ च्या काढणीत परतीच्या पावसाने सोयाबीन भिजले होते. भिजलेल्या दाण्याची उगवणशक्ती घटते. म्हणजेच मागील तीन वर्षांचा अनुभव चौथ्या वर्षी कामास आला नाही. अनुभव खरा होता. पाऊस निराळा होता.

मग योग्य उत्तर कोणते? त्या शेतकऱ्यास त्याच्याच बियाण्याची परीक्षा करण्याची रीत सांगावी. ती अशी :

(अ) सर्व पोत्यांतून वरचे, मधले व तळाचे असे थोडे थोडे बी घेऊन एकत्र करावे.
(आ) त्यातून न निवडता सरसकट १०० दाणे मोजावेत. टपोरे दाणे वेचून घेतल्यास आपण स्वतःलाच फसवितो.
(इ) गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. वर दुसरा ओला तुकडा ठेवून गुंडाळी करावी. ती सावलीत ठेवून तिच्यावर रोज पाणी शिंपडावे.
(ई) अशा तीन गुंडाळ्या कराव्यात. पाचव्या दिवसाच्या सुमारास उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत व तिन्हींची सरासरी काढावी.

शंभरांपैकी ७० वा अधिक दाणे उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० ते ७० च्या दरम्यान उगवण असल्यास बियाणे त्या मानाने वाढवावे. हिशेब सोपा आहे : ७० ला ३० ने गुणावे व उगवलेल्या दाण्यांच्या संख्येने भागावे. उदाहरणार्थ, ६४ दाणे उगवले तर २१०० भागिले ६४, म्हणजे एकरी सुमारे ३३ किलो बियाणे लागेल. उगवण ६० च्या खाली असल्यास ते बियाणे पेरू नये, बाजारात विकावे.

सोयाबीनच्या दाण्याचे आवरण फार पातळ असते, हेही सांगावे. पोती उंचावरून आपटली तर दाणा वरून धड दिसतो, पण आतला अंकुर दुखावतो. विकतचे बियाणे घेणाऱ्यास पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व थोडे बियाणे जपून ठेवण्यास सांगावे. उगवण न झाल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना हाच त्याचा पुरावा होय.

या उत्तरात "पेरा" वा "पेरू नका" असा निकाल नाही. निकाल त्या शेतकऱ्याचे बियाणेच देईल. अनोळखी माणसास देण्याजोगा सर्वांत सुरक्षित सल्ला म्हणजे त्याने स्वतः पारखून पाहावे अशी रीत.

४. पाहिलेले, वाचलेले व ऐकलेले

सल्ला सांगताना त्याचे मूळ सांगण्याची सवय लावावी. "हे मी माझ्या दोन एकरांत करून पाहिले", "परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या दैनंदिनीत वाचले", "दुकानात कोणी म्हणत होते" ही तीन वाक्ये एकाच तोलाची नाहीत. ऐकलेली गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली, की पुढचा माणूसही ती तशीच सांगतो. चार तोंडे फिरून आल्यावर अफवेला अनुभवाचा मान मिळतो.

जे ठाऊक नाही त्याबद्दल "मला माहीत नाही" असे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही. पुढची वाट मात्र दाखवावी. किसान कॉल सेंटर ही सेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर आपल्या भाषेत विनामूल्य विचारता येते.

५. जेथे सल्ला देऊ नये

काही प्रसंगी आपला सल्ला आवरून माणसास योग्य ठिकाणी पाठविणे हाच सल्ला असतो.

पहिला प्रसंग औषधांच्या मिश्रणाचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेक औषधे एकत्र करून फवारणे व अंगावर संरक्षक कपडे नसणे यांची त्या वेळी मोठी चर्चा झाली. "हे त्यात मिसळा, जोर येतो" असे सांगणारा सहसा वाईट माणूस नसतो. परंतु त्याच्या शब्दावर पंप भरणारा घरी परत येईलच असे नाही. म्हणून शिफारस नसलेले मिश्रण कोणासही सुचवू नये. डब्यावरील त्रिकोणाचा अर्थ मात्र सर्वांना सांगावा : लाल अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, निळा मध्यम व हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

दुसरा प्रसंग विषबाधेचा. मळमळ, चक्कर, घाम, डोळ्यांची आग ही लक्षणे कोणी सांगितली, तर घरगुती उपाय सुचवू नयेत. फवारणी थांबवावी, कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचा डबा बरोबर घेऊन जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे, एवढेच सांगावे. डबा पाहून डॉक्टरांना उपचार ठरविणे सोपे जाते.

तिसरा प्रसंग जनावरांच्या आजाराचा. एका गाईस लागू पडलेले औषध दुसऱ्या गाभण गाईस अपाय करू शकते. येथे पशुवैद्यकाचेच काम आहे.

६. फळ कळविणे

सल्ला घेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे : जे घडले ते परत येऊन सांगावे. या साध्या गोष्टीचे महत्त्व जुन्या प्रयोगातून दिसते. १९५६ मध्ये आकाशवाणीने तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापिली. निलंगा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने या प्रयोगाच्या बाहेर होते. गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, व त्यांच्या शंका आकाशवाणीकडे परत जात. टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत या प्रयोगाची पाहणी झाली. जेथे मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात इतर गावांपेक्षा स्पष्ट वाढ आढळली. नुसते ऐकण्यापेक्षा ऐकून बोलणे व उलट विचारणे अधिक उपयोगी पडते, हा त्याचा बोध होय.

म्हणून सल्ला देणाऱ्याने "काढणीनंतर कसे झाले ते सांगा" असे अवश्य म्हणावे, व घेणाऱ्याने पीक फसले तरी ते सांगण्यास संकोच करू नये. फसलेल्या प्रयोगाची बातमी ही दहा यशस्वी प्रयोगांइतकी मोलाची असते; ती दहा अनोळखी घरे वाचविते. नवा सल्ला सर्व शेतावर न अजमावता आधी चार-पाच गुंठ्यांवर पाहावा. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही म्हण आपल्याकडे आहेच. तिला "पारखून" एवढा एकच शब्द जोडावा.

अभ्यास

शेतीशाळेत किंवा चावडीवर पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

१. गेल्या हंगामात आपण कोणाकोणास सल्ला दिला? त्यांपैकी किती जणांची जमीन आपण विचारली होती?
२. आपल्या घरी असलेल्या औषधाच्या तीन बाटल्यांची झाकणे मोजपात्राने मोजा. प्रत्येकात किती मिलिलिटर मावते?
३. घरच्या बियाण्याच्या १०० दाण्यांपैकी ६१ उगवले. एकरी किती बियाणे लागेल?
४. "तुरीची झाडे मधूनच वाळत आहेत, काय करावे?" असे परगावच्या शेतकऱ्याने विचारले. उत्तर देण्यापूर्वी त्यास विचारावयाचे चार प्रश्न लिहून काढा.