जुनं नाणं सापडलं? पैसे भरण्याआधी हिशोब करूया



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर बटव्यातून राणीछाप रुपया काढून दाखवला. सासूबाईंच्या पेटीतला, साल 1862. फोनवरच्या माणसाने सांगितलं होतं, "लाखात जाईल, आधी ग्रेडिंगचे पैसे भरा." नोंदणीचे 850 रुपये ताईंनी पाठवलेसुद्धा होते.

ग्रेडिंग म्हणजे काय? नाणं खरं आहे का, किती झिजलंय, हे जाणकार तपासतात. 1 ते 70 मधला एक आकडा देतात आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. पण साधं नाणं त्यामुळे दुर्मिळ होत नाही.

म्हणून आधी हे बघा:

1. वजन: राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा असतो, झिजला तर थोडा कमी भरतो. सराफाकडे वजन करा. चुंबकाला चिकटला तर चांदीचा नाही.

2. साल: 1862 हे साल पुढची बरीच वर्षं नाण्यांवर तसंच छापलं गेलं. त्यामुळे असे रुपये भरपूर आहेत. 1911 आणि 1939 चे रुपये कमी मिळतात, म्हणून 1939 च्या नकलाही निघतात. असं नाणं असेल तर तपासणीला अर्थ आहे.

3. झीज: राणीचा मुकुट, गळ्यातला हार, कपड्यावरची नक्षी स्पष्ट दिसते का?

4. घासू नका: चिंच, राख, पावडर काहीच नको. घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो.

5. हिशोब: तसंच, तेवढंच झिजलेलं नाणं खरोखर कितीला विकलं गेलं, ते दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना विचारा. समजा ग्रेडिंगने भाव हजार रुपयांनी वाढणार आणि फी-कुरिअरला तीन हजार जाणार, तर दोन हजारांचा तोटाच ना?

कायदाही लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही, तपासणीसाठीसुद्धा. शेतात किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा विकत घेत नाही, त्यासाठी कमिशनही मागत नाही. तसा खुलासा बँकेने 2021 मध्ये केला आहे. तिच्या नावाने फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच 1930 वर तक्रार करा.

त्या बैठकीत कोषाध्यक्ष ताईंनी एकच प्रश्न विचारला, "नाणं त्यालाच घ्यायचंय, तर पैसे आपण का द्यायचे?" कर्जाचा अर्ज तिथेच मागे घेतला. आम्ही बैठकीतूनच 1930 ला फोन लावला. रुपया परत पेटीत गेला. चांदीची किंमत त्याला आहेच, आणि सासूबाईंची आठवणही.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. असा फोन आणखी कोणाला आलाय का, तेही विचारा.

तुमची क्षेत्र समन्वयक