सनमाइका लावायच्या आधी

अगं, सुताराला सनमाइका चिकटवायला सांगायच्या आधी माझं थोडं ऐकून घे. कनाकियातल्या नव्या हॉलच्या टीव्ही युनिटचं डिझाइन पाठवलंस, ते देखणंच आहे. भिंतभर पट्ट्यांचं पॅनल, मधे टीव्ही, खाली लांबलचक बंद खण आणि त्यात सगळं गुडूप: सेट टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, तुझ्या अहोंचा होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर, चिरंजीवांचं प्लेस्टेशन. वायरींचा गुंता दिसायला नको, हे मला पटतं. पण त्या खणात हवा कुठून शिरणार आणि तापली की कुठून निघणार, याला तुझ्या चित्रात जागाच नाही.

हे डबे जेवढी वीज घेतात, ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. राउटर आणि सेट टॉप बॉक्सचं विशेष नाही, दोन्ही मिळून वीस-पंचवीस वॅट. पण प्लेस्टेशन 5 वर एखादा भारी गेम चालू असला, की ते एकटंच 200 वॅटच्या आसपास खेचतं. आजीच्या स्वयंपाकघरात 100 वॅटचा पिवळा बल्ब असायचा ना, तसे दोन बल्ब बंद शटरच्या आत तासन्‌तास जळत ठेवल्यासारखं आहे हे. अ‍ॅम्प्लिफायरची भर वेगळीच. त्यातून प्लायवुड उष्णता लवकर सोडत नाही.

दुसऱ्या गावी हे कदाचित खपून जाईल, आपल्याकडे नाही. टीव्हीच्या माहितीपुस्तकाची शेवटची पानं उघड. तिथे साधारण 40 अंशांपर्यंत तापमान आणि 80 टक्क्यांपर्यंत आर्द्रता चालेल, असं लिहिलेलं असतं. प्लेस्टेशन 5 ची मर्यादा तर 35 अंशच. आता आपली मे महिन्यातली दुपार आठव. पंखा फुल असला तरी हॉलमध्ये 33-34 अंश असतातच. मार्च-एप्रिलमध्ये कधी पूर्वेचा गरम वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा यायला उशीर होतो आणि पारा आणखी चढतो. म्हणजे सगळी सूट खोलीनेच वापरून टाकलेली. आणि जुलै-ऑगस्टमध्ये? एका बाजूला उत्तनचा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. आर्द्रता 80 च्या वर सहज जाते.

गरमीने लगेच धूर निघत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. आतल्या सर्किटवर छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांतला द्रव तापून हळूहळू सुकतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इंजिनिअर लोकांचा ढोबळ नियम आहे. आपल्याला वरवर काय दिसतं? सेट टॉप बॉक्स हँग होतो, राउटर आपोआप रिस्टार्ट होतो, प्लेस्टेशनचा पंखा घोंघावायला लागतो, ऐन रंगात आलेल्या सिनेमात अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो. आणि आपण फोन लावतो केबलवाल्याला.

तेव्हा सुताराला तीन गोष्टी सांग. जिथे मशीन बसणार, त्या खणांना मागचा प्लाय लावूच नको. शटरच्या खाली बोटभर फट ठेव, तिथून खोलीतली हवा आत येईल. आणि वरच्या फळीत मागच्या बाजूला, भिंतीलगत, खणाच्या लांबीची खाच काप. खालच्या फटीपेक्षा ती थोडी रुंद असू दे. गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट द्यायची. तो म्हणेल, "मॅडम, लुक बिगड़ जाएगा." त्याला सांग, खाच टीव्हीच्या मागे येते, सोफ्यावरून दिसत नाही. शटर सपाट नको, उभ्या पट्ट्यांचं कर, मधे फटी सोडून. वेताच्या जाळीची सध्या फॅशन आहे, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते.

एवढं करूनही प्लेस्टेशनचा खण तापला, तर यूएसबीवर चालणारा 12 सेंटिमीटरचा पंखा वरच्या खाचेपाशी बसव. तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे तो गरम हवा ओढून काढेल. बंद डब्यात नुसता पंखा फिरवला तर तीच गरम हवा गोल गोल फिरते, उपयोग शून्य.

मांडणीचंही सांगते. एकावर एक डबे रचू नकोस. अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर काहीच नको, त्याला स्वतंत्र खण दे. प्रत्येक मशीनभोवती 10 सेंटिमीटर मोकळे ठेव. राउटर तर बाहेरच, वरच्या फळीवर ठेव. रेंजही चांगली मिळेल. तुझ्या सासूबाईंनी सेट टॉप बॉक्ससाठी क्रोशाचा रुमाल विणला असेल, तर तो प्रेमाने फुलदाणीखाली घाल. गणपतीत युनिटवर मखर केलंस, की मागच्या पडद्याचं कापड त्या खाचेवर येऊ देऊ नकोस; त्या दिवसांत लायटिंगही असतं आणि टीव्हीही दिवसभर चालू असतो.

झुरळांना उबदार जागा आवडते, आणि रिमोटने बंद केलेला सेट टॉप बॉक्स स्टँडबायवरही कोमट राहतो. म्हणून खाचेला आतून जाळी लाव, पण धूळ बसून ती बुजते, तेव्हा महिन्यातून एकदा ब्रश फिरव. रात्री भिंतीवरचा स्विच बंद कर. मात्र पावसाळ्यात गावी जाऊन आलात, की शटरं उघडून आतली कोंदट हवा आधी जाऊ दे, मग स्विच लाव.

हे सगळं जमलं की नाही, ते तपासणं अवघड नाही. दीड-दोनशे रुपयांचा छोटा डिजिटल थर्मामीटर खणात ठेव, चिरंजीवांना दोन तास मनसोक्त खेळू दे आणि आकडा बघ. खोलीपेक्षा चार-पाच अंश जास्त असेल तर ठीक. दहाच्या वर गेला तर खाच रुंद करावी लागेल, आणि ते सनमाइका लागायच्या आधी जितकं सोपं, तितकं नंतर नाही. तेव्हा आज सुताराचं काम थांबव, खणांची मापं मला पाठव. रविवारी मीच येते, त्याच्याशी मी बोलेन.