पॉलिसीत पूर आहे का?

पावसाळ्यात सांगलीत कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आयर्विनला किती?’ 1929 साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 फुटांवर धोका. कोयनेतून किती सोडलं, वारणा फुगली का, एवढं कळलं की पेठेतला जुना व्यापारी उद्याचं पाणी आज सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र हे अंदाज कामाला आले नाहीत. 2005 चा पूर 53 फुटांच्या पुढे गेला होता. त्याची भिंतीवरची खूण बघून लोकांनी माल तिच्या वर चढवला. पाणी 57 फुटांवर गेलं.

बुडालेल्या दुकानांत प्रस्तुत लेखकाचं कापडदुकानही होतं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं, तर गठ्ठे भिजून इतके फुगले होते की मांडणीतून ओढून निघेनात. तरीही धीर होता, कारण विमा होता. कॅश क्रेडिट खात्यातून त्याचा हप्ता दरवर्षी बँकच कापून घेत होती.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. चिखलात उभ्याउभ्याच त्याने फाइल उघडली, एक पान मागे गेला, पुन्हा पुढे आला आणि हळूच म्हणाला, ‘साहेब, यात आग आहे, वीज आहे, स्फोट आहे. पूर वगळलाय.’ हप्ता थोडा कमी करण्यासाठी वादळ आणि पुराचं संरक्षण काढून टाकता येत होतं, आणि ते काढलेलं होतं. पॉलिसीची प्रत बँकेच्या फाइलमध्ये. दुकानदाराच्या हाती ती कधी दिलीच नव्हती. बँकेत विचारलं तर अधिकाऱ्याने मान वरही न करता उत्तर दिलं, ‘फॉर्मवर सही तुमचीच आहे ना?’ सही होती. त्यांच्याच माणसाने फुल्या मारून दिलेल्या कोऱ्या फॉर्मवर घेतलेली. नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या दुकानाचा विमा उतरवायचा आणि त्यातून नेमका पूर वगळायचा, हे कोणाला सुचलं, याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही.

म्हणून ज्यांची दुकानं, गोदामं पूररेषेत आहेत त्यांनी जून उजाडायच्या आत बँकेकडून पॉलिसीची संपूर्ण प्रत लेखी मागावी. पूर, वादळ, जलमय होणं हे शब्द त्यात आहेत की नाहीत, ते स्वतः वाचावं. तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ याला काडीची किंमत नाही. माल जिथे जिथे ठेवलाय ते प्रत्येक ठिकाण पत्त्यासह नोंदलेलं हवं. 2005 मध्ये सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरून साठवलेली हळद गेली होती. माल दुकानाबाहेर ठेवणारे सांगलीत कमी नाहीत. रक्कमही तपासावी. 10 लाखांच्या मालाचा 6 लाखांचाच विमा असेल आणि 5 लाखांचं नुकसान झालं, तर हिशेब साठ टक्क्यांनी होतो. म्हणजे 3 लाख, तेही इतर वजावटी होण्याआधी. बँकेला दरमहा जाणारं स्टॉक स्टेटमेंट ई-मेलने पाठवावं, म्हणजे कागद भिजले तरी पुरावा राहतो.

सर्व्हेअर येईपर्यंत कुजका माल फेकू नये. वास सुटतो, शेजारी ओरडतात, पालिकेची गाडी दारात उभी राहते. तरी फोटो आणि पंचनाम्याची प्रत हातात आल्याशिवाय काही हलवू नये. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो काढावा. बुडालेल्या गाडीला चावी लावू नये, ती टोईंग करून न्यावी. पाणी शिरलेलं इंजिन सुरू केल्याने बिघडलं, तर वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसल्यास कंपन्या ते नुकसान नाकारतात.

बाकी नेहमीचं: कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, मोबाइल चार्ज, अफवांवर विश्वास नको. आणि घर लवकर सोडावं. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली. कृष्णा-येरळेच्या संगमावरच्या या गावातली माणसं पाण्यातून बाहेर निघता निघता गेली. बोटीची वाट बघायची वेळच येऊ देऊ नये.

सरकारी मदतीवर धंदा उभा राहील, असं कोणी धरून चालू नये. त्या वर्षी कुटुंबाला ग्रामीण भागात 10 हजार आणि शहरात 15 हजार रुपये जाहीर झाले. मोफत धान्याच्या आदेशात तर घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असण्याची अट होती. माळ्यावर पोरंबाळं घेऊन बसलेल्या माणसाने दिवस मोजत बसायचं का, हा राग तेव्हा गावोगाव होता आणि तो रास्तच होता.

दावा नाकारला तर कारण लेखी मागावं. आधी कंपनीकडे तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जावं. एकट्या मालकीच्या दुकानदारालाही तिथे दाद मागता येते. फी नाही, वकील लागत नाही. मुदत कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची. बँकेच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती वेगळी, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. तीही आधी बँकेला लेखी देऊन, पोच घेऊन.