परवानगी आणि तिचा पुरावा : ब्रिटनमध्ये जोडीदाराला आणणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

ब्रिटनचा नागरिक किंवा तेथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेली व्यक्ती परदेशी पतीला वा पत्नीला आपल्याकडे आणू इच्छिते, तेव्हा अर्ज येणाऱ्या जोडीदाराच्या नावाने होत असला तरी त्याची सारी भिस्त हमी घेणाऱ्यावर, म्हणजे रूढ शब्दांत स्पॉन्सरवर, असते, आणि या हमीचे नियम ९ जुलै २०१२ पासून ‘अपेंडिक्स एफएम’ या परिशिष्टात एकत्र आणलेले आहेत. भारतातून केलेला अर्ज मंजूर झाला की सुरुवातीला ३३ महिन्यांची मुदत मिळते, ती संपण्याआधी आणखी ३० महिन्यांची वाढ मागावी लागते, आणि या मार्गावर पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ‘आयएलआर’साठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवानगीसाठी, अर्ज करता येतो. नोकरी करण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून असल्यामुळे व्हिसा लागला की कामाचा प्रश्न सुटला, असे तेथील मराठी कुटुंबांत सर्रास समजले जाते. कायद्याच्या दृष्टीने हा समज बरोबर आहे. व्यवहारात तो पुरत नाही, कारण परवानगी गृहखाते देत असले तरी ती दाखवल्यावाचून कोणताही मालक कामावर ठेवत नाही, आणि दाखवण्याचे साधन परवानगीच्या आधीच संपू शकते. प्रस्तुत लेखिकेच्या पतीच्या बाबतीत नेमके हेच घडले.

उत्पन्नाच्या अटीविषयी बहुतेकांना माहिती असते, म्हणून तिचा उल्लेख थोडक्यात पुरे. वार्षिक १८,६०० पौंडांची किमान मर्यादा ११ एप्रिल २०२४ रोजी २९,००० पौंडांवर गेली. ज्यांचा पहिला अर्ज त्या तारखेपूर्वीचा आहे, त्यांना त्याच जोडीदारासह मुदतवाढ मागताना जुनाच आकडा लागू राहतो, ही गोष्ट पैसे घेऊन सल्ला देणारेही सांगतातच असे नाही. स्पॉन्सर एकाच ठिकाणी सहा महिने नोकरीत असेल, तर त्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि त्याच महिन्यांचे बँकेचे उतारे जोडायचे असतात, आणि पावतीवरील निव्वळ पगाराची रक्कम उताऱ्यात तशीच दिसली पाहिजे. जोडीदार पुण्यात कितीही मिळवत असला तरी पहिल्या अर्जात त्यातील एक रुपयाही धरत नाहीत. मुदतवाढीच्या वेळी मात्र, तो ब्रिटनमध्ये रीतसर नोकरी करत असल्यास, दोघांचे उत्पन्न एकत्र मोजता येते, त्यामुळे त्याची नोकरी टिकणे हा घरखर्चाइतकाच पुढच्या अर्जाचाही प्रश्न होतो. याखेरीज आरोग्य-अधिभार असतो, म्हणजे तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या फीबरोबर आगाऊ भरायची रक्कम. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि नोकरी लागल्यावर त्याच सेवेसाठी पगारातून कर व राष्ट्रीय विम्याची वर्गणी पुन्हा कापली जाते, याबद्दल कोणी खंतही व्यक्त करत नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या बाबतीत नावाची अडचण विशेष आहे. येथील पासपोर्टमध्ये स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव येते, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर ते कधी पूर्ण तर कधी आद्याक्षराने येते, आणि तेथील कंपनीच्या पगारपत्रकात मधले नाव मुळीच येत नाही. तीन कागदांवर तीन माणसे उभी राहतात. लग्नानंतर स्त्रीने आडनाव बदलले असेल, तर अर्ज करण्याआधी पासपोर्ट, दाखला आणि बँकखाते यांतील नाव एकसारखे करून घ्यावे, अथवा बदलाचा कागद जोडावा. पत्रिका, हॉलचे बिल, अल्बम यांनी दाखल्याची जागा भरून निघत नाही. इंग्रजीच्या अटीसाठी इंग्रजी माध्यमातील भारतीय पदवी चालते, पण तिला ‘एक्टिस’ या संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते.

मुख्य मुद्दा मुदतवाढीच्या काळाचा आहे. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ३-सी असे सांगते की, आधीची मुदत संपण्यापूर्वी वैध अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुनी परवानगी तिच्या सर्व अटींसह आपोआप चालू राहते, आणि त्या अटींत नोकरीचा हक्कही येतो. अडचण अशी की, ही वाढ कायद्याने होते, तिचा कोणताही कागद हातात येत नाही. त्या वेळी वापरात असलेल्या बीआरपी कार्डावर, म्हणजे बोटांच्या ठशांसह दिल्या जाणाऱ्या ओळखपत्रावर, जुनीच तारीख छापलेली राहत असे. पतीचा अर्ज मुदतीच्या पुरेसा आधी गेला होता आणि त्याची पोच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दिलेली होती. तरीही कार्डावरची तारीख उलटली त्या सकाळी त्याचा प्रवेश-पास बंद झाला, पाळ्यांच्या तक्त्यातून नाव गेले, आणि अर्ज म्हणजे परवानगी नव्हे असे एका ओळीचे उत्तर आले. कलम ३-सीचा मजकूर पाठवला, तर वैध कार्ड सादर करा असे कळवण्यात आले. कार्ड कायद्यानेच अद्याप निघू शकत नाही असे कळवले, तर पुन्हा तेच उत्तर आले, फक्त खालची सही बदलली होती. जिथे तो दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक म्हणून नव्या माणसांना शिकवत होता, तिथल्या विभागप्रमुखानेही या काळात फोन उचलला नाही, ही बाब कायद्याच्या चर्चेत बसत नसली तरी येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

कंपनीची भीती निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. कामाचा हक्क नसलेल्या व्यक्तीला कामावर ठेवल्यास होणारा दिवाणी दंड १३ फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या वेळी प्रत्येक कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत वाढवण्यात आला. परंतु याच व्यवस्थेने मालकाला संरक्षणही दिलेले आहे. अर्ज प्रलंबित असेल तेव्हा मालकाने गृहखात्याच्या ‘एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस’कडे विचारणा करायची असते, तेथून होकारार्थी पडताळणीची सूचना आली की सहा महिने दंडापासून बचाव मिळतो, आणि आधीपासून कामावर असलेल्या व्यक्तीबाबत, अर्ज वेळेत गेल्याची वाजवी खात्री असल्यास, ही सूचना मिळवण्यासाठी मुदतीनंतर २८ दिवसांची सवलतही असते. खरा उलगडा झाला तो येथे : ही विचारणा फक्त मालकच करू शकतो, कामगाराला ती करता येत नाही, आणि कंपनीने ती केलेलीच नव्हती. ज्या कागदावाचून माणूस घरी बसवला, तो कागद मागण्याचा अधिकार एकट्या कंपनीच्या हातात होता. काही ऑनलाइन रकाने भरायचे होते. ते भरण्यापेक्षा माणसाला बिनपगारी घरी बसवणे कार्यालयाला सोपे वाटले. जून २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ‘रॅमफेल’ या स्थलांतरितांच्या संस्थेच्या खटल्यात असा निर्णय दिला की, कलम ३-सी खालील लोकांना परवानगीचा डिजिटल पुरावा न देणे हे गृहखात्याचे वर्तन बेकायदेशीर आहे. तो निर्णय वाचताना, लेखिकेच्या कुटुंबात महिनोन्‌महिने जे सांगून कोणी ऐकत नव्हते, तेच न्यायालयाच्या भाषेत लिहिलेले आढळले.

यातून निघणारी सूचना अशी की, मुदत संपण्याची वाट न पाहता अर्ज केल्याबरोबर मनुष्यबळ विभागाला लेखी पत्र द्यावे, त्यात कलम ३-सी, अर्जाची तारीख व क्रमांक आणि पडताळणी सेवेचे नाव स्पष्ट लिहावे, आणि विचारणा केल्याची पोच मागावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आश्वासन देणारी व्यक्ती पुढच्या महिन्यात त्या खुर्चीत असतेच असे नाही. जुनी कार्डे ३१ डिसेंबर २०२४ नंतर कालबाह्य झाली असून आता ई-व्हिसा, म्हणजे गृहखात्याच्या खात्यातील ऑनलाइन नोंद, आणि तिच्यावरून काढलेला ९० दिवस चालणारा ‘शेअर कोड’ यांवर तपासणी होते. नवा पासपोर्ट काढल्यास तो त्या खात्याला लगेच जोडून घ्यावा.

दुसरी सूचना प्रवासाची आहे आणि ती अधिक कठोर आहे. अर्ज प्रलंबित असताना जोडीदार ब्रिटन व त्याच्या सामायिक प्रवासक्षेत्राबाहेर गेला, तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते आणि कलम ३-सीचे संरक्षणही संपते. गणपतीला घरी जाण्याचे तिकीट, भावाचे लग्न, आईची शस्त्रक्रिया, यांपैकी कशालाही त्यात सूट नाही. म्हणून ज्या वर्षी मुदतवाढ येते त्या वर्षीचा भारतप्रवास अर्जाच्या आधी उरकून घ्यावा. सल्लागार निवडताना तो वकील आहे की नियामक संस्थेकडे, म्हणजे आताच्या ‘इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी’कडे, नोंदलेला आहे हे पाहावे, आणि सर्व कागदांच्या प्रती ठेवाव्यात, हे सांगायला नको.

पगाराच्या बाबतीत मात्र गप्प बसण्याचे कारण नाही. कामगार काम करण्यास तयार होता आणि कायद्याने पात्र होता, तर रोखलेला पगार ही १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स कायद्याखालील बेकायदेशीर कपात ठरू शकते, असा दावा करता येतो. त्यासाठी आधी ‘एकास’ या तडजोड संस्थेकडे जावे लागते, आणि २०२४ मध्ये त्याची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी इतकी होती. नवी परवानगी येताच कंपनीने पतीला परत बोलावले आणि सहकार्याबद्दल आभाराचे पत्र दिले. पगाराचा उल्लेख त्यात नव्हता. एकासकडे अर्ज गेल्यानंतर तो पगार, चूक झाल्याचे कोठेही मान्य न करता, पुढच्या महिन्याच्या पावतीत ‘समायोजन’ या नावाखाली जमा झाला.