आपल्या जिल्ह्यातला डोंगरी देश

शाळेत जिओग्राफीच्या तासाला आल्प्स आणि र्‍हाइन आम्ही घोकून पाठ केले होते. पण महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्याच्या कडेला आहे, हे मला फर्स्ट इयरला ट्रेकला गेल्यावर कळलं! कळसूबाई, १६४६ मीटर.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे एक छोटा देशच. उत्तरेला कळसूबाईची रांग, पश्चिमेला थेट कोकणात कोसळणारे कडे, दक्षिणेला १४२४ मीटरचा हरिश्चंद्रगड. मधे रतनगड. तिथे प्रवरा उगम पावते आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळा. दोघीही कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेला, म्हणजे आपल्याकडे येतात. नगर शहरात वर्षाला पाच-सहाशे मिलीमीटर पाऊस पडतो, घाटघर-रतनवाडीला चार हजारांच्याही वर.

इथले मूळ रहिवासी प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर. देवगावचे राघोजी भांगरे सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे त्याच इंग्रजांना या डोंगरातलं पाणी हवं झालं. १९१० ला भंडारदऱ्याचं काम सुरू झालं, १९२६ ला संपलं. उंची ८२ मीटर, सगळं दगडी बांधकाम. सिव्हिलवाल्यांनी एकदा तरी बघून यावं. (धबधब्याचे फोटो काढून झाल्यावर!) साधारण ११ टीएमसी पाणी साठतं आणि कालव्यांनी खाली जातं. संगमनेर-श्रीरामपूरकडचा ऊस, साखर कारखाने त्यावरच उभे राहिले.

आफ्रिकेत लेसोथो नावाचा असाच एक देश आहे. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका. त्याचं सर्वांत खालचं ठिकाणसुद्धा सुमारे १४०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या हरिश्चंद्रगडाएवढं! मोशोएशो राजाने १८२४ पासून थाबा बोसिऊ नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरावरून आपली माणसं राखली. १८६८ ला तो मुलूख इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेला, १९६६ ला स्वतंत्र झाला. १९८६ च्या करारानुसार तिथलं पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या बाजूला जातं, आणि त्याबद्दल लेसोथोला रॉयल्टी मिळते.

अकोल्याच्या डोंगरातल्या गावांना अशी रॉयल्टी नाही. तालुक्याला वेगळं सरकार नाही, करार करणार कोण? शिवाय खाली सगळा बेसाल्ट. उतारावरच्या या काळ्या कातळात पाणी फार मुरत नाही, पावसाळ्यात पडलं की धावतच सुटतं. मे महिन्यात कळसूबाईवरून उतरताना एक आजी भेटल्या. डोक्यावर दोन हंडे. मी म्हटलं, "आजी, धरण तर समोर दिसतंय."

"दिसतंय ना," त्या म्हणाल्या, "पण ते खाली हाय, पोरा. आमी वर."

होस्टेलवर आलो तर टाकी ओव्हरफ्लो होऊन पाणी जिन्यावरून वाहत होतं. मी वर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.