जत्रेतील तंबू आणि सोंगाड्या

विनोद ऐकण्यासाठीच घराबाहेर पडलेला माणूस आणि दुसऱ्याच कामासाठी बाहेर पडून वाटेत विनोदापाशी रेंगाळलेला माणूस, हे दोन अगदी निराळे प्रेक्षक होत. पहिला नाट्यगृहात भेटतो. त्याने तिकीट आधी काढलेले असते, हसण्याची तयारीही आधीच केलेली असते. दुसरा देवदर्शन, पाळणे, खरेदी, पाहुणे अशा दहा गोष्टी मनात घेऊन आलेला असतो. त्याला खिळवून ठेवणे हे अधिक अवघड काम, आणि प्रस्तुत लेखाचा विषय हे कामच आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्नेच्या करमणूक-नगरीत १९८९ सालच्या मे महिन्यात ‘प्लेझर आयलंड’ नावाचा रात्रीच्या करमणुकीचा भाग सुरू झाला. त्यात ‘कॉमेडी वेअरहाऊस’ नावाचे एक छोटे विनोदगृह होते. तेथील नटमंडळी प्रेक्षकांना एखादा शब्द, एखादे स्थळ किंवा एखादा धंदा विचारून घेत आणि त्यावर उभ्या उभ्या प्रसंग रचून दाखवीत. लोक आलेले असत ते मुख्यतः डिस्नेची उद्याने पाहायला. हसणे ही त्यांच्या सहलीतील जोडगोष्ट. २००८ सालच्या सप्टेंबरात तेथील इतर क्लबांबरोबर हे विनोदगृहही बंद झाले. ही हकीकत वाचताना आपल्या जिल्ह्यातील माणसाला एक गोष्ट चटकन जाणवेल, ती ही की, हा सारा मामला आपल्या ओळखीचा आहे. त्याला आपण जत्रा म्हणतो.

गावच्या यात्रेत सकाळी शेरणी वाटली जाते, रात्री छबिना निघतो, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. रहाटपाळणे, रेवडीची दुकाने, बांगड्यांचे बाजार यांच्या पलीकडे मोकळ्या रानात तमाशाचा तंबू उभा असतो. काही ठिकाणी गाव वर्गणीतून फडाला सुपारी देते आणि खेळ सर्वांना फुकट असतो. मोठ्या यात्रांत फड स्वतःच कनात ठोकून तिकीट लावतो. या दोन पद्धतींनी विनोदाच्या जातीतही फरक पडतो. सुपारीच्या खेळात सबंध गाव मालक असते, त्यामुळे सोंगाड्या गावाची थट्टा करतो ती घरच्या माणसासारखी. तिकिटाच्या तंबूत मात्र शेजारच्या फडाच्या कर्ण्याशी चढाओढ असते, आणि तेथे विनोदाचा पाय घसरण्याचा संभव अधिक.

ढोलकीफडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांच्याबरोबरची मावशी आणि वाट अडवणारा पेंद्या ही मंडळी येतात. मावशीचे काम परंपरेने पुरुष करतो. कथा कृष्णाची असली तरी मावशीच्या तोंडी रेशनचे दुकान, एस. टी. आणि निवडणूक हे विषय बिनदिक्कत येतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वगात राजा, प्रधान, सेनापती असे सगळे असले तरी खरा खेळ असतो तो शिपायाच्या वेषातील सोंगाड्याचा. वगाचा सांगाडा ठरलेला असतो. सोंगाड्याची वाक्ये ठरलेली नसतात. उदाहरणादाखल अशी कल्पना करा की, राजाने विचारले, “राज्याचा रस्ता कुठवर आला?” सोंगाड्या म्हणतो, “सरकार, कागदावर पुरा झालाय. आता तेवढा कागदावरून खाली उतरवायचा राह्यलाय.” हे वाक्य कोठेही चालेल. पण त्यात त्याने गावच्या ओढ्याचे नाव घातले की समोरचे मैदान उसळते. बोलणारा परका आणि ओढा आपला, यात ती गंमत आहे.

या कलेचा कळस दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात दिसला. सावळ्या कुंभाराच्या भूमिकेने त्यांना अवघ्या महाराष्ट्रात ओळख दिली आणि १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. (पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. सावळ्या कुंभाराला यापेक्षा योग्य रंगभूमी कोणती!)

आपल्या जिल्ह्याचा या परंपरेशी संबंध जुना आहे. शाहीर अनंतफंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे. त्यांनी आधी तमाशाचा फड गाजवला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून ते कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी हेही आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. आख्यायिका खरी असो वा नसो, तमाशात हसणाऱ्या समाजाला तमाशाची लाजही वाटत आली आहे, हे तिच्यातून दिसते. विनोद मात्र कीर्तनातही शिरला आणि तेथे प्रतिष्ठा पावला. दीर्घकाळ तमाशासमोर फक्त पुरुषच बसत, ही गोष्टही विसरता येत नाही. त्यातील पुष्कळसा द्व्यर्थी विनोद त्या एकांगी श्रोतृवर्गाचे अपत्य आहे.

त्याच संगमनेरात कांताबाई सातारकर यांचा फड स्थिरावला. वगातील पुरुष-भूमिका गाजवणाऱ्या या कलावतीला राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मे २०२१ मध्ये करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर सोंगाड्याच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत.

साथीने फडांवर जो घाला घातला त्याची तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांतून गावोगावचे पंच चैत्र-वैशाखातील यात्रांच्या सुपाऱ्या देतात. २०२० सालचा पाडवा २५ मार्चला आला आणि देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. पुढच्या वर्षीचा हंगामही दुसऱ्या लाटेत गेला. सोंगाड्या, ढोलकीवाला, ट्रकचालक, आचारी, तंबू ठोकणारे गडी असा सारा बारदाना दोन वर्षे बिनकामाचा बसला.

परंतु सोंगाड्याचे क्षेत्र त्याआधीपासूनच आकसत होते. पूर्वी वग उजाडेपर्यंत चाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षातील मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सवलत मिळते. नियम योग्यच आहे. आजारी माणसाने आणि परीक्षार्थीने झोपावे कधी? पण वेळ कमी झाला तेव्हा काय कापायचे हे प्रेक्षकांनी ठरवले. चित्रपटगीतांवरील नाच राहिले, वग कापला गेला. बतावणीला रंगायला अर्धा तास लागतो, नाचाला लागत नाही.

मग सोंगाड्याला नव्या करमणूक-उद्यानात जागा मिळेल काय? शिर्डीला जलउद्यान आहे, आणि त्याच्या जोडीला ‘साईतीर्थ’ हे भक्तिविषयक थीम पार्कही आहे. दोन्ही उभारणारा मालपाणी समूह संगमनेरचाच. म्हणजे थीम पार्कचे मालक आणि सोंगाड्याचा फड एकाच गावचे! साईतीर्थात यंत्राने हलणारी-बोलणारी साईबाबांची प्रतिमा आहे, लंकादहनाचा पंचमिती चित्रपट आहे. यंत्र दमत नाही आणि भलतेसलते बोलतही नाही, हा त्याचा व्यवहारी गुण मान्य केला पाहिजे. तथापि डिस्नेने २००७ मध्ये ‘लाफ फ्लोअर’ नावाचा जो खेळ उघडला, त्यात पडद्यावरच्या कार्टून-राक्षसांमागे जिवंत नट लपवून बसवावे लागले. प्रेक्षकांतील टोपीवाल्याला हेरून त्याची थट्टा करणे नुसत्या यंत्राकडून होईना, असाच याचा अर्थ मी लावतो.

शिर्डीत खरी अडचण यंत्राची नाही, भाषेची आहे. तेथे येणारा भाविक तेलुगू, गुजराती, हिंदी, तमिळ बोलणारा असतो. लंकादहनाला भाषांतर लागत नाही. मावशीच्या एका शब्दाला मात्र सबंध नगरी बोली पाठीशी लागते, आणि ओढ्याचे नाव घेऊन मैदान उसळवायचे तर तो ओढा प्रेक्षकांनी ओलांडलेला असावा लागतो. म्हणून हा प्रयोग व्हायचा असेल तर तो सुट्टीच्या दिवशी जलउद्यानात सहलीला येणाऱ्या कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरकडच्या मंडळींसाठी, संध्याकाळी सहा ते आठ या वेळात, आयाबहिणी पुढच्या रांगेत बसलेल्या असताना व्हावा. त्या रांगेपुढे मावशीला आपली अर्धी बतावणी नव्याने रचावी लागेल, आणि ती कशी रचली जाते हे पाहायला मला तरी आवडेल.